कम्प्युटरची पैसेवारी

भावाचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या खोलीत पोळ्या लाटत होते. एकटीच्या चार पोळ्या, त्यातल्या दोन उद्याच्या डब्याच्या. हात पिठाचे होते म्हणून फोन ओट्यावर ठेवला आणि स्पीकर लावला.

"ताई, तो गेम येऊन राहिला," तो पुण्याहून म्हणाला. "पुढच्या महिन्यात. दोघांचाच आहे. एकट्यानं खेळताच येत नाही. पहिला दरवाजा उघडालेच दोन जण लागतात."

"मग?"

"मग काय मग! तू अन मी. रविवारी दुपारी. तुयाकडचा कम्प्युटर तो गेम ओढते का, पाह्य आधी. नसन ओढत तर आताच सांग. रूममेट मांगं लागला आहे, पण मी त्याले म्हटलं, आधी ताईले विचारतो."

खरं उत्तर होतं, माहीत नाही, पाहून सांगते. मी म्हटलं, "ओढते ना! काहून नाही ओढणार?"

तोंडातून निघून गेलं. पुढचा सगळा घोळ त्या एका वाक्याचा आहे आणि ते माझं आहे, दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

आम्ही मोर्शीकडचे. आईबाबा गावात, संत्र्याच्या बागेपाशी. भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्याच्या शिक्षणासाठी आम्ही दोघं अमरावतीत दोन खोल्या घेऊन राहायचो. आमच्याकडे तशी रीतच होती, मोठी बहीण सोबत पाठवायची, म्हणजे पोराच्या जेवणाचे हाल होत नाहीत. मी स्पर्धा परीक्षांचे फॉर्म भरायचे, वरणभात करायचे आणि तो अभ्यास करायचा, असं गावात सांगितलेलं होतं. प्रत्यक्षात कॉलेजच्या पहिल्याच वर्षी त्यानं एकेक भाग जमवून कम्प्युटर उभा केला, आणि आम्ही दोघं त्याच्यासमोर बसलो ते चार वर्षं बसलो. कीबोर्ड एकच. डावीकडची अक्षरं त्याची, उजवीकडचे बाण माझे. दुपारी लाईन, म्हणजे वीज, नसायची. लाईन आली की मी गॅस बंद करून, आहे तसा भात सोडून धावायचे. मी खेळायला काही हुशार नव्हते. उशिरा उडी मारायचे आणि खड्ड्यात पडायचे. तो ओरडायचा, "उडी मार ना वं ताई!" मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायचे, "मारूनच राहिली ना! डोळे फुटले का तुये?" खालचे घरमालक एकदा वर येऊन विचारून गेले, भांडण आहे का म्हणून.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं तीच. बिनदिक्कत सांगते.

कारण खेळताना आम्ही बोलायचो. तोंडं पडद्याकडे, हात बटणांवर, आणि मधेच तो म्हणायचा, "ताई, एक विषय गेला माया." किंवा, "ताई, एक मुलगी आहे वर्गात." समोरासमोर बसवून विचारलं असतं तर मेला तरी बोलला नसता. मीही त्याला तिथंच सांगितलं होतं की पाहायला आलेल्या तिसऱ्या स्थळाकडूनही नकार आला, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही याचंच वाईट वाटतं. तो म्हणाला होता, "जाऊ दे, उजवीकून येऊन राहिला एक, त्याले पाह्य."

मग बाग गेली. पाणी खाली गेलं, झाडं शेंड्याकडून वाळत आली, आणि एका उन्हाळ्यात बाबांनी ती तोडून घेतली. ती वर्षंच तशी होती. आमच्या गावात घरटी एक पोरगा बॅग घेऊन पुण्याच्या गाडीत बसत होता, तसा आमचाही बसला. मला अकोल्यात सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. त्यानं तिकडे नवा कम्प्युटर घेतला आणि जुना मला दिला. गादीत गुंडाळून, एसटीच्या शेवटच्या सीटवर त्याला मांडीशी धरून मी तो अकोल्याला आणला. कंडक्टर म्हणाला, "बाई, पेशंट आहे का?"

त्यानंतर दर रविवारी फोन. "जेवली?" "जेवली. तू?" "हो." "गर्मी?" "भल्ली." मग दोघंही गप्प. आमच्यात भांडण नव्हतं की काही नव्हतं. बोलणंच सुचत नव्हतं, कारण हातात खेळ नव्हता. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसून राहायचे. कचेरीत दिवसभर माणसं असायची, पण माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं. आवक रजिस्टर कुठं आहे, एवढंच लोक विचारायचे. म्हणून तो गेम मला पाहिजे होता. गेम नाही, भाऊ पाहिजे होता, आणि तो त्या गेममधूनच मिळणार होता.

पोळ्या झाल्या. हात धुतले आणि कम्प्युटरची तपासणी सुरू केली.

आमच्या कचेरीत पिकाची पैसेवारी निघते. म्हणजे उभं पीक पाहून ठरवायचं की रुपयातले किती पैसे आलं. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या खाली गेलं तर दुष्काळ, वर राहिलं तर सगळं आलबेल. गावागावांचे ते आकडे टाईप करणं हे माझं काम. रस्त्याच्या कडेचं, विहिरीजवळचं शेत पाहिलं की पैसेवारी बावन्न येते आणि आत शिरलं की अठ्ठावीस, हे मला माहीत होतं. टाईप करताना कितीदा माझा जीव जळायचा. आणि मीच माझ्या कम्प्युटरला तेच केलं.

गेमवाल्यांनी दोन याद्या दिल्या होत्या. एक, कमीत कमी काय लागेल. दुसरी, चांगलं चालायला काय लागेल. दुसरी यादी मी वाचलीच नाही. पहिली रजिस्टरमध्ये उतरवली आणि समोर आपलं लिहिलं. प्रोसेसर त्यांना हवा त्याच्या धाकट्या भावंडातला, पण जमेल. रॅम आठ हवी, आपल्याकडे चार. ग्राफिक कार्ड दोन जीबीचं हवं, आपलं दोनचंच, फक्त चार पिढ्या मागचं. जागा आहे. मी शांतपणे खाली लिहिलं, बावन्न पैसे. नजरअंदाज.

रॅम आणायला गेले ते टिळक रोडच्या मागच्या एका दुकानात. दुकानदार पन्नाशीचे, आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, आता कम्प्युटर. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. ते निम्मं हिंदीत, निम्मं वऱ्हाडीत बोलायचे. त्यांनी रॅम बसवून दिली आणि माझं रजिस्टर पाहून डोकं खाजवलं.

"मॅडम, रॅम का तो हो गया. पर ये कार्ड? ये बुढ्ढा आहे. चालन, पर तपन. अन महिना कौनसा है? मई. गाव कोणतं? अकोला."

"चालते की नाही, एवढंच सांगा ना."

"चालना अलग, टिकना अलग."

मला रागच आला. राग माझ्या नाकावरच असतो. मी म्हटलं, "चाचा, मले उपदेश नको, बिल द्या." ते हसले आणि बिल दिलं. सुधारित पैसेवारी, छप्पन्न.

गेम इतका अवजड की माझ्या डोंगलवर उतरवायला पावसाळा लागला असता. भावानं हार्ड डिस्कमध्ये भरून पुण्याच्या ट्रॅव्हल्सनं पाठवला. पुण्याहून आमच्याकडे सगळं तसंच यायचं, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ठेवून. सकाळी सहाला बायपासवर उभी राहून मी ती डिस्क घेतली. रुमालात बांधलेली होती आणि वर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'ताई, नाजूक'. त्या अक्षराकडे पाहत मी रिक्षात बसले. डोळे भरून आले, काहून ते मलाच कळलं नाही.

तो रविवार होता. खेळायचं पुढच्या रविवारी ठरलं होतं, म्हणजे हातात आठवडा. मी लगेच लावून पाहिला. दोघांशिवाय खेळ पुढे सरकत नव्हता, पण सुरुवातीच्या अंगणात एकटीला फिरता येत होतं. फिरता म्हणजे काय, माणूस पाऊल उचलायचा आणि मी मनात तीन आकडे मोजेपर्यंत ते खाली यायचं. मग मी सेटिंगमध्ये शिरले आणि एकेक गोष्ट छाटत गेले. सावल्या बंद केल्या. गवत बंद. पाण्यातलं प्रतिबिंब बंद, पाणी साधं. लांबचे डोंगर धूसर. एवढं केल्यावर माणूस नीट चालायला लागला, पण उघड्या तपकिरी जमिनीवर, बिनसावलीच्या झाडांमधून. अरे बाप्पा, म्हटलं, हे तर आमच्या तालुक्यासारखंच झालं. एकटीच खोखो हसले.

वीस मिनिटांनी पंख्याचा आवाज चढला, पडदा थिजला आणि कम्प्युटर धाडकन बंद. झाकणाला हात लावला तर चटका बसला. कार्ड तापलं होतं. चाचा बरोबर होते, याचा अजूनच राग आला.

यावर काय करायचं ते मात्र मला पक्कं माहीत होतं. अमरावतीला आम्ही दर उन्हाळ्यात हेच करायचो. कम्प्युटरची एक बाजू उघडी करायची, तो स्टुलावर ठेवायचा आणि कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवायचं. आम्ही दोघं घामानं निथळायचो आणि कम्प्युटर गारव्यात बसायचा. चार उन्हाळे असे काढले, कधी काही झालं नाही. अकोल्यातही तसंच केलं. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, घरमालकाच्या बोअरचं पाणी भरलं, आणि कूलर अगदी हातभर अंतरावर आणला. नव्या ताटीतून बारीक तुषार उडत होते. मला ते छान वाटले.

आणि गेम चालला! अर्धा तास, पाऊण तास, एक तास. आठवडाभर मी कचेरीतून आले की संध्याकाळी हेच. त्या अंगणात एकटीच फिरायचे, बंद दरवाजापर्यंत जायचे, तिथं 'जोडीदार हवा' असं यायचं, की परत फिरायचे. शुक्रवारी भावाला फोन केला, "पक्कं. रविवारी दोन वाजता."

"खरंच ओढते?"

"अरे मक्खन!"

रविवारी पावणेदोनला बटण दाबलं. आत तीन बीप वाजले आणि पडदा काळा. परत दाबलं. तीन बीप. केबल काढल्या, लावल्या, फुंकर मारली, देवाचं नाव घेतलं, शेवटी एक चापट मारली. तीन बीप. दोन वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

"ताई, आली का?"

तेव्हा सांगायचं ना! बंद पडला बावा, थांब थोडा. सात शब्दही लागले नसते. पण मी 'मक्खन' म्हणून बसले होते. आणि मनात तो रूममेट, मागं लागलेला. बंद पडला म्हटलं की हा म्हणणार, बरं ताई, मग मी त्याच्यासोबत खेळतो. मी म्हटलं, "अरे, कचेरीत बोलावलं अर्जंट. पंचनाम्याचं काम आहे. पुढच्या रविवारी नक्की."

"रविवारी कचेरी?"

"साहेबाचा फोन होता."

"बरं," तो म्हणाला. "थांबतो मी."

सोमवारी सुट्टी टाकून कम्प्युटर चाचांकडे नेला. त्यांनी कार्ड बाहेर काढलं आणि उजेडात धरलं. कार्डावर पांढरी बुकणी बसली होती, चिपांच्या बारीक पायांच्या मधोमध. त्यांनी ती बोटाला घेतली आणि चक्क जिभेला लावली.

"नमक," ते म्हणाले. "मॅडम, कूलर लावला होता का याच्यासमोर?"

"लावला होता. अमरावतीले चार उन्हाळे असाच लावायचो."

"पानी कौनसा?"

"बोअरचं."

"अकोल्याचं बोअर!" त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, इथं बोअरच्या पाण्यात दाळ शिजत नाही. अमरावती में मीठा पानी होगा, वहाँ चलता होगा. ये खारपाण पट्टा आहे मॅडम."

मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं. खारपाण पट्टा हे दोन शब्द मी रोज टाईप करत होते. गावांच्या याद्यांपुढे, शेरा म्हणून. खारपाण पट्टा, सिंचनास अयोग्य. खारपाण पट्टा, पिण्यास अयोग्य. दोन वर्षं टाईप करून करून बोटं झिजली, आणि तेच पाणी बादलीनं ओतून मी माझ्या भावाच्या कम्प्युटरवर फवारलं. कचेरीतल्या कोणाला सांगितलं असतं तर जन्मभर हसले असते.

"दुरुस्त होते का?"

"कोशिश करतो. वादा नाही." त्यांनी कार्ड स्पिरिटच्या वाटीत बुडवलं. "इतकं अर्जंट काय आहे पण? ऑफिस का काम है?"

मी सांगून टाकलं. भाऊ पुण्यात आहे, दोघांचा गेम आहे, त्याच्यासोबत खेळायचं आहे. एवढ्या वयाची बाई, आणि कारण काय, तर गेम. ते हसले नाहीत. ब्रशनं हळूहळू घासत राहिले.

"मेरा भी भाई बाहर है," ते थोड्या वेळानं म्हणाले. "फोन लावतो. सलाम-दुआ होते. उसके बाद क्या बोलना, दोघांलेही समजत नाही."

मी रोज कचेरी सुटल्यावर दुकानावरून जायचे. कार्ड उन्हात वाळत पडलेलं दिसायचं, कधी टेबलावर गरम हवेखाली. एक पाय सडला होता, तो त्यांनी दुसऱ्या मेलेल्या कार्डावरून काढून जोडला. दुसरा रविवार आला. भावाचा फोन आला, "आज?" मी म्हटलं, "अरे, परत पंचनामे." आमच्याकडे त्या वर्षी काहीही सांगून पंचनाम्यावर ढकललं तरी खरं वाटायचं, इतके होते. तो म्हणाला, "बरं." तिसऱ्या रविवारी फोन आला. जेवली, जेवली, गर्मी, भल्ली. गेमचं त्यानं विचारलंच नाही. मला वाटलं, बरं झालं, आज खोटं बोलावं लागलं नाही. किती मूर्ख असावं माणसानं!

चौथ्या आठवड्यात चाचांनी दुकानातच कम्प्युटर लावून दाखवला. पडद्यावर ते अंगण, तो दरवाजा. "जा, खेळा भावासोबत," ते म्हणाले. "अन कूलर तुमच्यासाठी वापरा, याले नको. याला मी मोठा पंखा टाकला आहे आतून."

खोलीवर येऊन मी उभ्याउभ्याच फोन लावला.

"अरे, चालू झाला!"

"काय?"

"गेम! अंतिम पैसेवारी, पंच्याऐंशी! ये ना, आता बसू. रविवारच आहे."

 तो म्हणाला, "ताई, तो तर आम्ही संपवला."

"आम्ही कोण?"

"मी अन रूममेट. गेल्या आठवड्यात. तुलेच टाइम नव्हता ना. दोनदा थांबलो मी. मले वाटलं, तुले आता आवडत नाही अन तू सांगून नाही राहिली."

मग मी सगळं सांगितलं. तीन बीप, मीठ, जीभ लावणारे चाचा, खोटे पंचनामे. तो पोट धरून हसला. मीही हसले, हसताना रडू येत होतं ते फोनवर दिसलं नाही म्हणून बरं. तो म्हणाला, "अव, मंग सांगायचं ना तवाच! अजून थांबलो असतो मी. येडी आहे का?" मग म्हणाला, "चाल, लाव. परत खेळू. पहिल्यापासून."

आम्ही खेळलो. दोघांनी मिळून तो दरवाजा ढकलला आणि तो उघडला. आत मोठं बुरुजाचं आवार होतं, भिंतीवर चित्रं होती. मी थांबून पाहायला लागले. कानात त्याचा आवाज आला, "ताई, तिथं काही नाही. इकडे ये." मी धावले. "आता डावीकडून दोन येतीन, तू फक्त खाली बस, मी पाहतो." खरंच दोन आले, आणि मी पाहायच्या आत संपले. "आता हा पूल तुटते, आधीच उडी मार." मी आधीच उडी मारली. मी एकदाही पडले नाही. त्यानं पडूच दिलं नाही. ओरडायचंही कारण उरलं नव्हतं, त्याला नाही, मला नाही. मी एकदा मुद्दाम विचारलं, "ऑफिसात कसं चाललंय तुयं?" तो म्हणाला, "चांगलं. थांब, ही चावी घे. तिकडची नको, ही."

पाऊण तासानं तो म्हणाला, "मजा येऊन राहिली ना?"

"हो रे."

"पाह्य, किती मस्त चालते तुयाकडे."

मग त्याच्या खोलीत कोणीतरी त्याला जेवायला हाक मारली. तो माईकपासून तोंड वळवून बोलला, हळू, पण मला ऐकू आलं.

"तुम्ही सुरू करा बे. ताईले जरा खेळवून राहिलो, आलोच."

 पुढच्या दरवाजाशी तो माझी वाट पाहत उभा होता, तिथंपर्यंत मी चालत गेले आणि त्याच्यासोबत दरवाजा ढकलला. गेम अगदी सुरेख चालत होता, कुठंही अडकत नव्हता.